न उघडलेला डबा

वाशी, सेक्टर २
रविवार, १५ नोव्हेंबर १९८७

प्रिय सुधीर,

पाकीट हातात घेतल्यावर तू आधी अक्षर बघशील आणि मग ते किती जाड आहे ते. घाबरू नकोस, वाईट बातमी द्यायची आता काही शिल्लक नाही. पपांना माती देऊन अठरा दिवस झाले. तू आलास, मूठभर माती टाकलीस आणि दफनभूमीतूनच परत फिरलास, घरी चहाला म्हणूनसुद्धा आला नाहीस. मी पाहिलं. आपली मीना तुझ्यामागे धावत निघाली होती, मीच तिचा हात धरला. कुणाला थांबवायचं, कुणाची समजूत काढायची, एवढं त्राण त्या दिवशी माझ्यात नव्हतं. आजही फारसं आहे असं नाही. सकाळची उपासना उरकून मंडळी गेली, हॉलमध्ये सतरंज्या तशाच पसरल्या आहेत, आणि त्या झटकून घड्या घालायचा कंटाळा आला म्हणून मी हे पत्र घेऊन बसले आहे. म्हणजे निदान सुरुवात तरी अशी झाली असं समज.

पाळकसाहेबांनी माझ्यामागे एक काम लावलंय. सहा डिसेंबरच्या उपासनेत पपांचं स्मरण करायचं आहे, तेव्हा वाचायला त्यांचा जीवनवृत्तांत हवा. दोन पानं, फार नको, म्हणाले. पंधरा दिवस झाले, माझं एक पान होऊन बसलंय. जन्म १९०८. मिशनच्या शाळेत छत्तीस वर्षं शिक्षक, त्यातली अकरा हेडमास्तर. नगरकडे बावीस वर्षं आणि इथे नऊ वर्षं मंडळीचे वडील, म्हणजे पंच. शांत स्वभाव, प्रार्थनामय जीवन. हे शेवटचं मी लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. पपा आणि शांत स्वभाव. त्यांनी वाचलं असतं तर लाल पेन्सिलीने खाली रेघ मारून समासात लिहिलं असतं, पुरावा द्या. त्यानंतर येतं ते 'त्यांच्या पश्चात'. तिथे मी माझं नाव लिहिलं, मीनाचं लिहिलं, आणि तुझ्या नावापाशी पेन थांबलं. तुझं नाव त्या कागदावर असावं असं तुला वाटतं की नाही, हेच मला माहीत नाही. तेरा वर्षांत मी तुला हे विचारलेलं नाही.

त्या वृत्तांतात जे मावणार नाही तेच तुला लिहिते. शाळेतले पपा तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक, कारण त्यांच्या हातच्या शिक्षा तू माझ्यापेक्षा जास्त भोगल्यास. छडी त्यांनी कधी वापरली नाही. त्यांची शिक्षा एकच, मधल्या सुट्टीत डबा उघडायचा नाही. मूल डबा मांडीवर घेऊन बाकावर बसून राहायचं आणि मास्तर समोर खुर्चीत. तू पाटलांच्या बागेतले पेरू आणलेस तेव्हा सलग तीन दिवस बसलास, आठवतं? आणि संध्याकाळी पपा घरी आले की आई त्यांची पिशवी हातात घेऊन नुसतं वजन बघायची. पिशवी जड असली की म्हणायची, आज कुणाचा पोरगा बसवला होता? कारण ज्या दिवशी पोराचा डबा बंद, त्या दिवशी मास्तरांचाही बंद. त्यांनी हे वर्गात कधी बोलून दाखवलं नाही. भाकरी वाळून कडक झालेली असायची, ती आई रात्री दुधात कुस्करून त्यांनाच वाढायची आणि तेही मुकाट्याने खायचे. पेरूंच्या त्या तीन दिवसांत तर आईच शेवटी चिडली. म्हणाली, पोराला शिक्षा करता की स्वतःला? पपा म्हणाले, शिक्षा देणाऱ्याला भूक लागली नाही तर शिक्षा किती झाली ते त्याला कळत नाही.

आई चौऱ्याहत्तर साल बघायला राहिली नाही हे बरं झालं की वाईट, याचा विचार मी आता सोडून दिला आहे. तुझं स्मिताशी लग्न ठरलं तेव्हा पपांनी एकच गोष्ट मागितली, आशीर्वाद मंडळीत घ्या. स्मिताच्या वडिलांनीही एकच मागितली, लग्न होमासमोर व्हावं. तू त्यांचं ऐकलंस. मी तुला तेव्हा दोष दिला नव्हता आणि आजही देत नाही. स्मिता चांगली मुलगी आहे, तिने मला दरवर्षी नाताळचं कार्ड पाठवलं, तू नाही पाठवलंस. पण पुढे जे झालं ते तुला फक्त कानावरून कळलं, आणि मी तिथे होते. मंडळीचे पंच सगळं पोटात घालायला तयार होते रे. मास्तरांचा मुलगा आहे, जरा वर्ष जाऊ द्या, कोण विचारतंय, असंच सगळ्यांचं चाललं होतं. पपाच उठले. म्हणाले, दोन वर्षांपूर्वी आपल्यातल्याच दत्तूच्या मुलाला याच कारणासाठी आपण प्रभुभोजनाच्या भाकरी आणि रसापासून दूर ठेवलं, तेव्हा ठराव मी मांडला होता. आजही मीच मांडतो. मुलगा मंडळीसमोर येऊन उभा राहीपर्यंत त्याला प्रभुभोजन नाही. आणि खाली बसले. कुणाला अनुमोदन द्यायला तोंड उघडवेना, शेवटी दत्तूनेच मान खाली घालून हात वर केला. तू मंडळीसमोर उभा राहायला आला नाहीस, आणि त्यांनी ये म्हटलं नाही. दोघंही एकाच मातीचे. मधल्यामध्ये मी.

मग शहात्तरला मला ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या औषधाच्या कंपनीत नोकरी लागली, वाशीला हा फ्लॅट मिळाला आणि मी पपांना घेऊन इथे आले. तेव्हाची वाशी तू पाहिली नाहीस. खाडीचा वास, डासांचे थवे, चिखलातून विटा टाकून केलेली वाट आणि चार इमारतींत मिळून एक किराणा दुकान. पपा अडुसष्ट वर्षांचे. मला वाटलं इथे त्यांना करमेनासं होऊन ते वाळून जातील. आठव्या दिवशी मी कामावरून आले तर जिन्यात सात चपलांचे जोड. जुहूगावच्या बायजाबाईने मासळीची पाटी खाली ठेवून त्यांना विचारलं होतं म्हणे, मास्तरबाबा, पोऱ्या माजा हुशार हाय, पन एका जागी बसत नाय, तुमी बसवाल काय? त्यांनी त्याला बसवलं. त्याच्यामागे आणखी सहा आले. पपांनी फी म्हणून कुणाकडून काही घेतलं नाही, त्यामुळे आमच्याकडे आठवड्यातून तीनदा बोंबील येऊ लागले आणि मी बोंबील करायला शिकले. माती देताना ती बाई सगळ्यांच्या मागे उभी होती. मला म्हणाली, कोनाला सांगू नका बाय, पन मना वाचता येतं आता, पोऱ्यासंगं मी पन बसायची. हेही मी वृत्तांतात लिहिलेलं नाही, तिने सांगू नका म्हटलंय म्हणून.

खानदानाचं तर तुला माहीतच आहे. नगर, जालना, सोलापूर, जिथे म्हणून आपले मकासरे आहेत तिथून पत्रं यायची. कुणाच्या मुलीचं स्थळ, कुणाची वाटणी, कुणाच्या बाळाचं नाव. पपा प्रत्येकाला पोस्टकार्ड टाकायचे. ऐंशीला मोतीबिंदूने अक्षर दिसेनासं झालं तेव्हापासून ते सांगायचे आणि मी लिहायची. कामावरून येऊन, स्वयंपाक करून, हात पुसत पुसत. चुलत्यांच्या भांडणांत मला काडीचा रस नव्हता. पण नववर्षाची एकेचाळीस कार्डं मी सात वर्षं लिहिली. त्यांत तुझं कधी नव्हतं. मी पत्त्यांची वही वाचत जायची, तुझं पान आलं की ते म्हणायचे, पुढे. आवाज बदलायचा नाही, काही नाही. नुसतं पुढे.

आता मुख्य गोष्ट. इथे चर्च नव्हतं, अजून नाही. अठ्ठ्याहत्तरला आपल्याच हॉलमध्ये उपासना सुरू झाली. आधी चार कुटुंबं, आता सव्वीस. पपांनी मंडळीचीसुद्धा शाळा केली. गीत सुरू झाल्यावर येणाऱ्याने ते संपेपर्यंत दारात उभं राहायचं, मग तो कंपनीत कितीही मोठा साहेब असो. पहिल्या रविवारी मुंबईहून पाळकसाहेब येतात आणि प्रभुभोजन होतं. त्याची तयारी माझ्याकडे. शनिवारी काळ्या मनुका भिजत घालायच्या, उकळायच्या, कुस्करून फडक्यातून गाळायच्या आणि रविवारी सकाळी तो रस इवल्या इवल्या काचेच्या प्याल्यांत ओतून ते लाकडी तबकात मांडायचे. येणारी माणसं मोजून प्याले भरायचे, कारण उरलेला रस टाकून देणं पपांना चालायचं नाही. तबक फिरवायचे पपा. सगळ्यांना देऊन झालं की कोपऱ्यात खिडकीपाशी उभे राहून शेवटी स्वतः घ्यायचे. तोवर सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात.

पहिल्याच महिन्यात एक प्याला भरलेलाच परत आला. मला वाटलं मोजण्यात चुकले. दुसऱ्या महिन्यातही तेच. शिवाय सोमवारी कोट धुवायला काढला तर खिशात भाकरीचा तुकडा. तिसऱ्या महिन्यात मी मुद्दाम एक प्याला कमी भरला आणि त्याच्या जागी रिकामा ठेवला. म्हटलं, बघू काय होतं. आणि त्या दिवशी मी डोळे मिटले नाहीत, देव मला क्षमा करो. पपांनी सगळ्यांना दिलं. खिडकीपाशी गेले. रिकामा प्याला उचलला, त्यात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. आणि तो रिकामा प्याला ओठांना लावून परत तबकात ठेवला. मंडळीतल्या कुणाला कळलं नाही. मला त्याच क्षणी कळलं. आईने पिशवी हातात घेऊन जे ओळखलं असतं, तेच. पोराचा डबा बंद, तर मास्तरांचाही बंद.

या गोष्टीवर आम्ही कधी बोललो नाही. चौऱ्याहत्तरच्या ठरावापासून नगरलाही त्यांनी हेच केलं असणार, तिथे लक्ष द्यायला मी तबकाजवळ नव्हते. त्या दिवसानंतर दर पहिल्या रविवारी मी तबकाच्या डाव्या कोपऱ्यात एक रिकामा प्याला ठेवत गेले. नऊ वर्षं. त्यांना दिसेनासं झाल्यावर ते बोटाने चाचपून तो कोपरा शोधायचे. पंच म्हणून प्रभुभोजन देणारा माणूस स्वतः तेरा वर्षं प्रभुभोजनाशिवाय राहिला, सुधीर. बाहेरच्या माणसाला यात विशेष काही वाटणार नाही. एक घोट मनुकांचा रस आणि नखाएवढी भाकरी. पण तू त्या घरात वाढलास, त्यांना काय सोडावं लागत होतं ते तुला सांगायला नको. ठराव मागे घ्या म्हणून ते एका शब्दाने सांगू शकले असते. ते त्यांना जमलं नाही. हे जमलं.

शेवटचे आठ महिने त्यांनी अंथरुणात काढले. मी अर्धी रजा, अर्धी बिनपगारी असं करत राहिले. मीना दोनदा येऊन गेली, तिची मुलं लहान. बायजाबाईचा पोऱ्या, आता तळोज्याला कारखान्यात फिटर आहे, तो येऊन त्यांना उचलून खुर्चीत बसवायचा. पपांनी त्रास दिला नाही असं वृत्तांतात लिहीन, पण दिला. पाणी गरम आहे, पाणी गार आहे, उच्चार नीट कर, पवित्र शास्त्र वाचताना दम खाऊ नकोस. एकदा मी वाटी आपटून गॅलरीत जाऊन उभी राहिले. माझ्या मनात आलं, गेला तो सुटला, त्याच्यासाठी उपाशी राहणारा बाप आहे. मी राहिले, तर माझ्या वाट्याला पाणी गरम आणि पाणी गार. हे लिहायची लाज वाटते, पण लिहितेच. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी त्यांना खुर्चीत बसवून हॉलमध्ये आणलं. तबक त्यांना पेलवत नव्हतं म्हणून ते मी फिरवलं. शेवटी त्यांच्यापुढे धरलं. बोटं डाव्या कोपऱ्याकडे गेली, प्याला त्यांनी उचलला, ओठांना लावला. तेवीस दिवसांनी ते गेले.

आता सतरंज्या उचलायची वेळ आली आहे आणि मी अजून खरं काम केलेलं नाही. हे पत्र मी जीवनवृत्तांतासाठी लिहिलेलं नाही. त्र्याऐंशीच्या जूनमध्ये तू मला एक अंतर्देशीय पाठवलं होतंस, कंपनीच्या पत्त्यावर, पपांच्या हाती पडू नये म्हणून. चारच ओळी होत्या. खाली लिहिलं होतंस, ताई, खरं सांग, पपा माझं नाव काढतात का? तू हो म्हणालीस तर पुढच्या रविवारी मी दारात येऊन उभा राहतो. मी उत्तर पाठवलं, नाही, एकदाही नाही. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. नाव त्यांनी खरंच कधी काढलं नाही. पण त्याच्या आदल्याच रविवारी मी रिकामा प्याला मांडला होता, आणि तो कुणासाठी हे मला माहीत होतं. मला भीती वाटली रे, तू आलास तर इतक्या वर्षांची माझी चाकरी एका दिवसात कुणाच्या लक्षातही राहणार नाही. म्हणून मी खरं तेवढंच लिहिलं आणि बाकीचं गिळलं. त्या उत्तरामुळे तू आला नाहीस, आणि ते आणखी चार वर्षं तसेच राहिले. भावाचं असं देणं डोक्यावर असताना प्रभूच्या मेजापाशी जाता येत नाही, हे त्यांनीच मला लहानपणी शिकवलं. या महिन्याच्या पहिल्या रविवारी तबक पुन्हा मी फिरवलं, खिडकीपाशी गेले आणि डाव्या कोपऱ्यातला प्याला उचलला. रिकामाच मांडला होता, माझ्यासाठी. आता तो माझा आहे. तू ये म्हणून मी आग्रह करणार नाही, तो हक्क मी घालवला. पाळकसाहेबांना मी सगळं सांगितलं आहे, तुझं आणि माझंही. ते म्हणाले, ठराव नगरचा आहे, दार इथलं आहे, येऊ दे. सहा डिसेंबरला सकाळी साडेनऊला गीत सुरू होतं. उशीर झाला तर दारात उभा राहा, आता हाक मारून आत घ्यायला मी आहे. आणि येणार नसशील तर एक पोस्टकार्ड टाक. माफ केलं असं लिहिण्याची गरज नाही, नववर्षाच्या कार्डासाठी नुसता तुझा पत्ता लिहिलास तरी मी समजेन. तोवर मी डबा उघडणार नाही.

तुझीच, मधल्या सुट्टीत बाकावर बसलेली,
वैजूताई